पंधरा मिनिटांत वाफ

३ फेब्रुवारी

पहिल्या बाकास,

नंबर बंद केलास, ठीक. मेसेज जात नाहीत, तेही ठीक. पण पोस्टमनला तू बंद करू शकत नाहीस, म्हणून हा कागद. याआधीचं पत्र मी सातवीच्या परीक्षेत लिहिलं होतं, मित्राला सहलीचं वर्णन, दहापैकी चार. तेव्हा चुका काढत वाचू नकोस. काढशीलच म्हणा. तू पहिल्या बाकावर, मी शेवटच्या, आणि माझ्या वह्यांतल्या चुका काढता काढताच आपलं जमलं होतं.

तुझा निरोप मिळाला. तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीने तो फोनवर बातम्या द्याव्यात तशा आवाजात वाचून दाखवला. 'बावीस मार्चला मी समुद्रापलीकडे नोकरीला जातेय. निदान तीन वर्षं. जाण्याआधी एक अख्खा दिवस हवा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, फोन न उचलता. जमत असेल तर ये, नाहीतर उगाच येऊ नकोस.' मी विचारलं, आणखी काही? ती म्हणाली, 'एवढंच. आणि माझ्यावर ओरडू नका, मी नुसती वाचतेय.'

एक अख्खा दिवस! तू असं मागतेस जणू माझ्या ड्रॉवरमध्ये दिवस घड्या घालून ठेवलेत. अगं, दोनशे खाटांच्या हॉस्पिटलच्या चादरी रोज आपल्या लाँड्रीत येतात आणि रोज परत जाव्या लागतात. खाटांवरची माणसं 'आज मालकांना सुट्टी आहे' म्हणून चादरीशिवाय झोपत नाहीत. त्यात आता दुसरं हॉस्पिटलही मी मिळवलंय. बाबांना तीस वर्षांत एकच मिळालं होतं. चौदा माणसं आहेत आणि एकालाही स्वतःहून काही सुचत नाही.

एकच गोष्ट सांगतो, म्हणजे तुला कळेल. आमचं सगळं वाफेवर चालतं. धुण्याची यंत्रं, ड्रायर, इस्त्री, सगळं. बॉयलर तापून वाफ धरायला बाबांच्या काळात जवळजवळ तास लागायचा. मी सकाळी सहाला कुलूप काढतो, बॉयलर पेटवतो आणि पंधरा मिनिटांत काटा चढतो. पंधरा! बॉयलरवाले काका नुसते बघत राहतात. काही हातांना यंत्र ओळखतं, दुसरं काय.

आणि त्या दिवशी फोनवर 'कामं असतात माणसांना' असं मी म्हणालो ते तुला नव्हतं. ड्रायव्हरला होतं.

बरं. तुलाच होतं.

शेवटच्या बाकावरचा

११ फेब्रुवारी

पहिल्या बाकास,

उत्तर नाही. हरकत नाही, मला सवय आहे, इथेही कोणी उत्तर देत नाही. मी विचारतो, 'हे कोणी केलं?' आणि चौदा माणसं छताकडे बघतात.

गेल्या महिन्यात मी मालकांसाठीच्या दोन दिवसांच्या वर्गाला गेलो होतो. टाय घातलेले एक सर होते. त्यांनी सांगितलं, जो सगळ्यात आधी येतो आणि सगळ्यात शेवटी जातो, तोच पुढे नेतो. मला पटलं. मी तो फलक करून इस्त्रीच्या टेबलासमोर लावला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्या मावशींनी त्याच्या खिळ्याला ओला एप्रन वाळत घातलेला. विचारलं तर म्हणाल्या, 'वाचून झाला हो. आता खिळा रिकामाच होता.'

अजून मला 'धाकटे मालक' म्हणतात. दोन वर्षं झाली! मोठे मालक घरी खिडकीशी खुर्चीत बसलेत, उजवा हात मांडीवर ठेवून. मग मी धाकटा कुणाच्या मानाने?

बाबांना मी लाँड्रीत येऊ देत नाही. त्यांच्या भल्यासाठीच. तिथेच पडले ना ते, बॉयलरच्या खोलीत. दार फोडून बाहेर काढावं लागलं. ते मोडकं दार मी काढून टाकलं आणि जाड पत्र्याचं नवं बसवलं, त्याला भक्कम कुलूप. तीन चाव्या आल्या त्याच्यासोबत. एक माझ्या खिशात, दोन आईच्या शिवणाच्या डब्यात. दुपारी एकला बॉयलर बंद, खोलीला कुलूप, दोनला दुसऱ्या पाळीसाठी मी उघडणार. नियम म्हणजे नियम. बाबा रोज विचारतात, 'आज... किती गाड्या?' त्यांची जीभ अजून जड आहे, एका वाक्याला वेळ लागतो. मी म्हणतो, 'तुम्ही आराम करा.' मग ते परत खिडकीबाहेर बघतात. खिडकीतून दिसतं काय, तर समोरच्या इमारतीचा जिना.

काल जेवताना मी आईला म्हणालो, भाजी आठ मिनिटं उशिरा आली. ती म्हणाली, 'इथे हजेरी लावतोस का रे आमची? बापाचा पगार काप, तो सकाळपासून बसूनच आहे.' बाबा हसले. अर्ध्या तोंडानेच, पण हसले. मला राग आला. मी ताट तसंच ठेवून उठलो आणि लाँड्रीत जाऊन उगाचच चादरी मोजल्या.

तू म्हणशील, तरी मी सांगत होते. हो, सांगत होतीस. पण कॉलेज मी घरासाठीच सोडलं, हे तरी मान्य कर. तिसऱ्या वर्षाच्या मध्यात, बाबांसाठी.

ऐक. वीस तारखेला येतोय. सकाळी सातची बस, साडेदहाला तुझ्या फाटकाशी. अख्खा दिवस. मिळाला ना शेवटी?

शेवटच्या बाकावरचा

२० फेब्रुवारी, परतीच्या बसमध्ये

अक्षर वाईट आहे कारण रस्ता वाईट आहे. आणि मीही काही फार चांगल्या मनःस्थितीत नाही.

तू हसायला नको होतंस.

मी तुझ्यासमोर उभा होतो. तू तो निळा स्वेटर घातला होतास. मी कॉलेजमध्ये शाई सांडली होती तो डाग बाहीवर अजून आहे. मी बसमध्ये साडेतीन तास पाठ केलेलं वाक्य बोलणार होतो. हात कुठे ठेवावेत कळेना म्हणून खिशात घातले, आणि बोटांना चावी लागली.

बॉयलरची चावी!

सकाळी बॉयलर मीच पेटवला होता. निघताना काकांना हाकही मारली, चावी द्यायलाच. तेवढ्यात कोणीतरी धुतलेल्या चादरींची ट्रॉली मळक्या चादरींच्या दारात लावलेली दिसली. हजारदा सांगितलंय! माझं डोकं फिरलं. ओरडलो, ओरडलो, बस चुकेल म्हणून ओरडतच धावलो, आणि चावी खिशातच.

एकला कुलूप लागणार होतं. कुलूप नुसतं दाबलं की लागतं, उघडायलाच चावी लागते. दोनला उघडणार कोण? मी तुझ्यासमोरच काकांना फोन लावला. तुला वाटलं असेल, शब्द मोडला. काका काय म्हणाले ठाऊक आहे? 'काही काळजी करू नका धाकटे मालक. तुम्ही बसा तिथेच निवांत. होईल सगळं.' निवांत! ज्या माणसाला मी सांगितल्याशिवाय झाडू उचलता येत नाही, तो मला निवांत बसायला सांगतोय. मी ओळखलं, घाबरलाय आणि लपवतोय.

मी म्हणालो, मला निघावं लागेल. तू विचारलंस, 'चावी तू घेऊन आलास की चावी तुला घेऊन आली?' आणि हसलीस. मग हसू थांबलं आणि तू म्हणालीस, 'वीस मिनिटं झाली. मी अख्खा दिवस मागितला होता.' आणि आत गेलीस. फाटकावरच्या वॉचमनने माझ्याकडे असं बघितलं जणू मीच त्याच्या मुलीला सोडून चाललोय.

सांग ना, मी काय करायला हवं होतं? चारशे चादरी ओल्या ठेवायच्या? तुला कोणाची जबाबदारी नाही, तुझं ठीक आहे. बॅग भरायची आणि समुद्र ओलांडायचा.

हे वाक्य मला खोडायचं होतं, पण बसने गचका दिला आणि पेन सीटखाली गेलं. आता राहू दे. मी असाच आहे.

२४ फेब्रुवारी

पहिल्या बाकास,

चार दिवस लिहायचं की नाही ठरवत होतो. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तू हसशील. या वेळी हस.

वीस तारखेला पावणेतीनला मी लाँड्रीच्या कोपऱ्यावर उतरलो आणि वर बघितलं, तर धुराड्यातून धूर. मला वाटलं, दार फोडलं. धावत आत गेलो. यंत्रं फिरतायत, ड्रायर गरगरतायत, कोणाच्या चेहऱ्यावर घाम नाही. मावशी इस्त्री करता करता म्हणाल्या, 'अगंबाई, आलात पण? जेवलात का?'

मी बॉयलरच्या खोलीकडे गेलो. दार शाबूत. कुलूप उघडं लटकतंय आणि त्यात चावी. चावीला लाल लोकर बांधलेली. ती लोकर मी ओळखतो, आईच्या शिवणाच्या डब्यातली आहे. त्या डब्यात दोन चाव्या आहेत हे तुझ्या फाटकाशी मला आठवलंच नव्हतं.

'ही कुठून आली?'

काका छताकडे बघायला लागले. सगळे छताकडे. मी एवढा ओरडलो की ड्रायरच्या आवाजातही ऐकू गेलं असणार.

मावशींनी इस्त्री उभी ठेवली. 'काका, सांगा की आता. नाहीतर मी सांगते. अहो, दोन वर्षं झाली त्या चावीला. तुम्ही नवं कुलूप लावलंत त्याच आठवड्यात मोठ्या मालकांनी काकांना दिली.'

'मग सकाळी दारात माझी वाट बघत का उभे राहायचात?'

'तुम्ही सहाला उघडणार, वाफ धरणार सातला, हॉस्पिटलची गाडी साडेसातला दारात. उशीर झाला की शिव्या आम्हाला. म्हणून काका पाचला येतात, बॉयलर तापवतात, पावणेसहाला बंद करून कुलूप लावतात आणि पायरीवर बसतात.'

कळलं तुला? मला कळायला जरा वेळ लागला. मी रोज सहाला तापलेला बॉयलर पेटवत होतो. दोन वर्षं. पंधरा मिनिटांत वाफ!

मावशी म्हणाल्या, 'तुमच्या हाताला गुण आहे असं तुम्ही म्हणायचात ना, तेव्हा आम्ही ड्रायरमागे जायचो. हसायला. राग मानू नका हं.'

राग कसला मानतोय. मी एक बादली लाथेने उडवली, ती भरलेली निघाली, पाय अजून दुखतोय. काकांना म्हणालो, उद्यापासून येऊ नका. ते म्हणाले, 'बरं.' दुसऱ्या दिवशी पाचला आले. मी आधीच पायरीवर बसलो होतो. त्यांनी कुलूप उघडलं, त्यांच्या चावीने.

मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? फोनवर ते मला खरं सांगत होते. 'बसा तिथेच निवांत.' मी तुझ्याजवळ बसू शकत होतो. अख्खा दिवस.

शेवटच्या बाकावरचा

४ मार्च

पहिल्या बाकास,

तुझ्याकडून अजून चकार शब्द नाही. मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, 'पत्रं वाचते ती. फाडत नाही, एवढंच सांगू शकते.' एवढ्यावर माणसाने किती दिवस काढायचे?

बाबांशी भांडलो. तयारी करून गेलो होतो. म्हणालो, तुम्ही मला माझ्याच माणसांसमोर मूर्ख बनवलंत. दोन वर्षं नाटक केलंत. आई मध्ये पडायला आली, बाबांनी डाव्या हाताने तिला थांबवलं.

म्हणाले, 'चावी... मी पण... खिशातच ठेवायचो. एकच.' मग बराच वेळ शब्द शोधला. 'आत पडलो. दार... आतून लावलेलं. चावी... माझ्याच खिशात.'

पुढचं आईने सांगितलं. काकांनी पहारीने दार फोडलं, त्यात अर्धा तास गेला. डॉक्टर नंतर म्हणाले होते, अर्धा तास आधी आणलं असतं तर हात वाचला असता. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी ओरडत होतो, देव जाणे. आणि मी काय केलं? आणखी जाड दार बसवलं. आणखी भक्कम कुलूप.

मी विचारलं, मग तेव्हाच मला का नाही बोललात? बाबा म्हणाले, 'तू... ऐकणारा होतास का?' आई म्हणाली, 'त्यात विचारायचं काय?'

मग ते म्हणाले, 'कॉलेज सोड... असं मी... म्हणालो नव्हतो.'

हेही तुला लिहूनच टाकतो, तू समोर असलीस की मला जमणार नाही. बाबा पडले त्याच्या आठवडाभर आधी मी विभागप्रमुखांच्या टेबलावर वही आपटून वर्गाबाहेर पडलो होतो. हजेरी कमी होती, परीक्षेला बसू देणार नव्हते. माफी मागितली असती तर बसू दिलं असतं. मी मागणार नव्हतो. मग बाबा पडले आणि माझी सुटका झाली. दोन वर्षं मी सगळ्यांना सांगतोय, घरासाठी सोडलं. तुला कदाचित माहीत असेल. तुला माझ्या वहीतलं सगळंच दिसायचं.

आता बाबा रोज दोन तास लाँड्रीत येतात. मला ते आवडतं असं समजू नकोस. दारात खुर्ची टाकून बसतात आणि माझं काहीतरी चुकलं की नुसती भुवई उचलतात. ओरडले असते तर बरं झालं असतं. बॉयलर आता साडेपाचला पेटतो आणि वाफ धरायला पंचावन्न मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून मोजलं. कधी काका पेटवतात, कधी मी. त्यांनाही तेवढीच लागतात, मलाही तेवढीच.

आणि मी अजून ओरडतो. काल तीनदा ओरडलो. मावशी मोजतात आणि संध्याकाळी आकडा सांगतात.

अठरा मार्चला येऊ का? नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. गप्प राहू नकोस.

शेवटच्या बाकावरचा

१८ मार्च, तुझ्या फाटकासमोरच्या बाकावर

पहिल्या बाकास,

तू नाही म्हणाली नाहीस, म्हणून आलो. हे पत्र पोस्टाने नाही, वॉचमनच्या हातून वर येईल. त्याने मला ओळखलं. म्हणाला, 'आज किती? वीस मिनिटं?' त्याच्या कानफटात मारावीशी वाटली, पण त्याचं बरोबर होतं.

काल काय झालं ऐक. नव्या हॉस्पिटलच्या पांढऱ्या चादरींत कोणीतरी लाल कांबळं टाकलं. साठ चादरी गुलाबी. बाळाच्या टोपड्यासारख्या गोड गुलाबी. तिथल्या मुख्य परिचारिका आज दहा वाजता स्वतः बघायला येणार आहेत. त्या हॉस्पिटलसाठी मी चार महिने खेटे घातले होते. ते आज हातातून जाऊ शकतं.

मी म्हणालो, उद्याचं जाणं रद्द. बाबांना न्यायला आलेल्या आईने कपाळाला हात लावला. बाबा म्हणाले, 'मी... बोलतो तिच्याशी.' मी म्हणालो, तुम्हाला एक वाक्य बोलायला पाच मिनिटं लागतात. ते म्हणाले, 'म्हणून तर... ती ऐकत बसेल. तू बोललास की... लोक उठून जातात.'

मग काका पुढे आले. दोन वर्षांत मला 'अहो'शिवाय हाक न मारलेला माणूस. म्हणाले, 'जा रे बाबा आता. चादरी आम्ही पुन्हा पांढऱ्या करू, नाही झाल्या तर मार खाऊ. तुझी बस चुकेल.' मावशींनी मागून विचारलं, 'खिसे बघितलेत ना?' आणि सगळी लाँड्री हसली. ड्रायरमागे न जाता, माझ्यासमोर.

चावी बॉयलरच्या दाराशेजारी खिळ्याला आहे. माझ्या फलकाचाच खिळा आहे तो, फलक काढून तिथे ठोकला. फोन आईच्या शिवणाच्या डब्यात आहे. सव्वाअकरा वाजलेत. त्या बाईंचं काय झालं मला माहीत नाही आणि संध्याकाळपर्यंत कळणारही नाही. मी वेडा व्हायची वेळ आली आहे. पाय सारखा हलतोय. दोनदा उठलो, रस्त्यापलीकडे फोनचं दुकान आहे तिथपर्यंत गेलो, परत येऊन बसलो.

तू जाऊ नकोस असं म्हणायला आलो नाही. बसमध्ये ते वाक्यही पाठ केलं होतं, पण ते खोडलं. तू जा. तीन वर्षं म्हणजे किती पत्रं होतात ते मी काढत बसणार नाही, पण अक्षर सुधारतंय, बघ.

इथे बसून पंचावन्न मिनिटं झाली. तेवढ्यात बॉयलर तापतो. तू अजून खाली आलेली नाहीस, तिसऱ्या मजल्यावरचा पडदा मात्र एकदा हलला. वाऱ्याने असेल. वारा नाहीये.

संध्याकाळपर्यंत मी इथेच आहे. खाली आलीस तर आधी माझे खिसे तपास.

शेवटच्या बाकावरचा